तो कागद नक्की कशाचा?

वाचक विचारतात : मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचं सदर

मागच्या अंकात एका उत्तरात एलएसडीचा, म्हणजे टिपकागदावर विकल्या जाणाऱ्या, भास दाखवणाऱ्या नशेचा नुसता ओझरता उल्लेख केला, तर या महिन्यात टपालात आणि मेलवर तोच विषय. दारूबद्दल लिहिलं की लोक सल्ला विचारतात. या कागदाबद्दल लिहितात ते एकतर गर्भगळीत होऊन, नाहीतर अगदीच बिनधास्तपणे. सगळी पत्रं छापणं शक्य नाही. निवडलेल्या पत्रांतली नावं मी काढून टाकली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : डॉक्टर, मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आला तेव्हा पँट धुवायला टाकताना पाकिटात प्लॅस्टिकच्या इवल्याशा पिशवीत नखाएवढा रंगीत कागदाचा तुकडा सापडला. मला आधी स्टिकर वाटलं. धाकटी म्हणाली, हे एलएसडी असतं. मी तो होता तिथेच ठेवला. ह्यांना सांगितलेलं नाही, कळलं तर त्याचं शिक्षण बंद करतील. मुलाचे डोळे लाल नसतात, वजन उतरलेलं नाही, मार्क चांगले आहेत. तो व्यसनी झालाय का? – एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, पाकिटात एक तुकडा सापडला म्हणून मुलगा व्यसनी ठरत नाही. एलएसडीची दारूसारखी किंवा गर्दसारखी तलफ लागत नाही. लागोपाठ दोन-तीन दिवस घेतलं तर त्याचा परिणामच होईनासा होतो, इतक्या लवकर शरीर सरावतं. म्हणून रोज घेणारा मला क्वचितच भेटतो. पार्टीला, ट्रेकला, गोव्याला, असं निमित्त साधून घेणारी मुलं भेटतात, आणि त्यांतली बरीचशी तुमच्या मुलासारखीच अभ्यासात चांगली असतात. लाल डोळे, वजन उतरणं, घरातले पैसे कमी होणं ही दुसऱ्या नशांची लक्षणं. इथे ती दिसणार नाहीत, आणि दिसली नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका.

माझी काळजी वेगळीच आहे. त्या कागदावर एलएसडी आहे हे धाकटीला कुणी सांगितलं? मुलाला तरी कुणी सांगितलं? विकणाऱ्याने. त्याला? त्याच्या वरच्याने. त्या साखळीत कुणीही तो कागद प्रयोगशाळेत तपासलेला नसतो.

खरं एलएसडी स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात, सांडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मलं. आल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने ते १९३८ साली पहिल्यांदा तयार केलं आणि बाजूला पडू दिलं. १९४३च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा बनवताना नकळत थोडं अंगात गेलं तेव्हा त्याचा गुण लक्षात आला. तीन दिवसांनी, १९ एप्रिलला, त्याने मुद्दाम २५० मायक्रोग्रॅम घेतले. आपण अगदी जपून, नगण्य मात्रा घेतोय अशी त्याची समजूत होती. पुढे सायकलवरून घर गाठेपर्यंत त्याची दाणादाण उडाली. दूध घेऊन आलेली शेजारीण त्याला चेटकीण दिसायला लागली, आपण मरतोय अशी खात्री झाली. डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरने सगळं तपासलं आणि त्याला विस्फारलेल्या बाहुल्यांखेरीज काहीही वावगं सापडलं नाही.

हा प्रसंग गंमत म्हणून सांगत नाही. मनात प्रलय आणि शरीरात त्यामानाने फारच थोडं, ही खऱ्या एलएसडीची तऱ्हा आहे. १९७०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत आठ जणांनी कोकेन समजून एलएसडीची पूड नाकात ओढली होती. काही जण बेशुद्ध पडले, ताप चढला, श्वास घ्यायला यंत्र लावावं लागलं, पण इस्पितळात पोचल्यामुळे आठही वाचले. एलएसडीच्या नुसत्या विषबाधेने माणूस दगावल्याच्या नोंदी फार थोड्या आहेत. जीव जातो तो गच्चीच्या कठड्यावर, समुद्रात, रात्रीच्या रस्त्यावर. आठ ते बारा तास माणसाला आपण कुठे आहोत याचा नीट भरवसा नसतो, आणि सोबतचेही त्याच अवस्थेत असतात.

हे सगळं कागदावर एलएसडीच असेल तर. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतक्या कमी मात्रेत काम करणारी नशा फार थोडी आहे, म्हणून ती टिपकागदावर शोषून, त्याचे चौकोन पाडून विकता येते. बाकीच्या बहुतेक पदार्थांची कामापुरती मात्रा एवढ्याशा चौकोनात मावतच नाही. पण मावणारं आणखी एक कूळ निघालं. २००३ साली बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत राल्फ हाइम या संशोधकाने मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या एका रिसेप्टरचा, म्हणजे ते पेशीवर जिथे चिकटतं त्या जागेचा, अभ्यास करण्यासाठी काही रेणू तयार केले. त्यांचा हेतू शुद्ध शास्त्रीय होता. त्याच कुळातला एक भाऊबंद किरणोत्सारी खूण लावून कोपनहेगनमध्ये मेंदूच्या स्कॅनसाठी वापरला जातो. पण २०१०च्या आसपास यातला २५आय-एनबोम नावाचा रेणू इंटरनेटवरून ‘संशोधनासाठी’ म्हणत विकला जाऊ लागला. मिलिग्रॅमच्याही अंशात काम करतो, म्हणजे कागदावर बसतो. लगेच तो एलएसडी म्हणून खपायला लागला.

याने मन तर हलतंच, पण शरीरही सुटत नाही. रक्तवाहिन्या आकसतात, नाडी आणि रक्तदाब वर जातात, ताप चढतो, झटके येतात, स्नायू विरघळून त्यांचा गाळ मूत्रपिंडात अडकतो. अमेरिकेने नोव्हेंबर २०१३मध्ये या कुळातल्या तीन रेणूंवर तातडीची बंदी घातली. मार्च २०१२ पासूनच्या काळात तिथे किमान १९ मृत्यूंशी त्यांचा संबंध लावला गेला होता, आणि मेलेल्यांची वयं १५ ते २९ होती. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनीही ते सर्वांत कडक यादीत टाकले. दगावलेल्यांतल्या बऱ्याच मुलांना आपण एलएसडी घेतोय असंच वाटत होतं.

मुलांमध्ये एक सूत्र फिरतं : कडू लागला तर थुंक. एलएसडीला चव जवळजवळ नसते, आणि एनबोम कडू लागतो, जीभ बधिर करतो, हे बरोबर आहे. थुंकलाच पाहिजे. पण कडू लागला नाही म्हणजे एलएसडीच, असा उलटा अर्थ निघत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या रंगबदलाच्या चाचण्यांचंही तेच. एका जातीचं रसायन आहे एवढं त्या सांगतात. किती आहे आणि सोबत दुसरं काय आहे हे नाही सांगत.

आता मुलाशी बोलण्याचं. ह्यांच्यापासून कायमचं लपवू नका, पण पहिलं बोलणं तुमचं एकटीचं असू द्या. ‘तू नशा करतोस?’ अशी सुरुवात केलीत तर ‘मित्राचं आहे’ हे उत्तर तयारच असतं. ‘मला हा कागद सापडला. यावर काय आहे हे तुला तरी माहीत आहे का?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. या प्रश्नावर मुलं खरोखर अडखळतात, कारण त्यांनीही स्वतःला तो विचारलेला नसतो. कागद त्याच्याच हाताने नष्ट करायला लावा.

आणि एक गोष्ट तुम्ही त्याला सांगायची आहे. तुमच्या माहेरी किंवा सासरी कुणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर असं काही होतं का? आपल्याकडे त्याला ही नावं नसतात. ‘बाहेरचं झालं’, ‘अभ्यास करून करून डोकं फिरलं’, ‘घर सोडून गेला तो गेलाच’ असं म्हणतात. बऱ्याच घरांत असा एक काका असतो, त्याचा फोटो असतो पण विषय निघत नाही. तो विषय मुलाकडे काढा. ज्याच्या रक्तात हा आजार आहे त्याला एका कागदाने तो उघडा पडू शकतो, आणि मग तो बारा तासांत उतरत नाही. हे मुलाला कळायलाच हवं आणि हे सांगू शकणारी माणसं घरातलीच असतात. बोलणं जमलं नाही तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, मानसिक आधारासाठी टेलिमानसची १४४१६. आधी तुम्ही स्वतःच फोन केलात तरी चालतो.

प्रश्न : मॅडम, मी सिंधुदुर्गात किनाऱ्यालगत जनरल प्रॅक्टिस करतो. पर्यटक वाढल्यापासून रात्रीबेरात्री असे पेशंट येतात. गेल्या मोसमात होमस्टेवाल्याने एक मुलगा उचलून आणला. बाहुल्या मोठ्या, नाडी १४०, हवेत काहीतरी पकडायला बघत होता, चौघांना आवरेना. मित्र तोंड उघडेनात. मला पहिला संशय धोतऱ्याचा आला. आमच्यासारख्याने लहान दवाखान्यात ओळखायचं कसं आणि पुढे पाठवण्याआधी करायचं काय? – एक डॉक्टर

उत्तर : डॉक्टरसाहेब, धोतऱ्याचा संशय अगदी रास्त. मोठ्या बाहुल्या, भ्रम, पळती नाडी दोन्हीकडे असते. फरक हाताला कळतो : पेशंटच्या काखेत हात घाला. धोतऱ्याचा पेशंट कोरडा ठणठणीत असतो. काख कोरडी, जीभ कोरडी, पोटाला स्टेथोस्कोप लावला तर आतडी गप्प, लघवी तुंबलेली. एलएसडी, एनबोम, एमडी (मेफेड्रोन) यांचा पेशंट घामाने निथळतो आणि आतडी चालू असतात. घोटा झटक्यात वर दाबून धरला आणि पाऊल आपोआप थडथडत राहिलं तर सेरोटोनिन वाढल्याची शंका घ्या.

मग थर्मामीटर. कपाळाला हात लावून नव्हे. घाबरलेला पण ताप नसलेला मुलगा आणि ३९ अंश सेल्सिअसच्या वर गेलेला मुलगा, हे दोन वेगळे पेशंट आहेत. पहिल्याला अंधुक दिवा, कमी माणसं, एक ओळखीचा आवाज आणि वेळ पुरतो. ‘हे औषधामुळे होतंय, उतरणार आहे’ एवढं परत परत सांगायचं, त्याला दिसतंय ते खोटं कसं यावर वाद घालायचा नाही. दुसऱ्याला एक मिनिटही दवडायचं नाही. कपडे काढा, ओली चादर आणि पंखा, काखेत-जांघेत बर्फ, सलाइन, आणि १०८ला फोन. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, तो स्नायूंच्या अति हालचालीतून आलेला असतो.

शांत करायला पहिलं औषध बेंझोडायझेपिन : मिडाझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम, जे हाताशी असेल ते, श्वासावर लक्ष ठेवून. तेच झटक्यांवरही चालतं. हॅलोपेरिडॉल आणि क्लोरप्रोमाझिन सवयीने पहिल्यांदा हातात येतात, इथे ती मागे ठेवा. त्यांनी झटक्यांचा उंबरठा खाली येतो. आणि चौघांनी दाबून धरणं, हातपाय बांधणं शक्यतो टाळा. बांधलेला माणूस दोरीशी झुंजतो, त्यात ताप वाढतो आणि स्नायू आणखी विरघळतात. लघवी कोलाच्या रंगाची असेल तर पुढे पाठवताना चिठ्ठीवर ठळक लिहा : सीके (स्नायू विरघळल्याची तपासणी), क्रिएटिनिन, पोटॅशियम, ईसीजी. साखर तुम्हीच ग्लुकोमीटरवर बघा. वेड्यासारखा वागणारा प्रत्येक जण नशेतच असतो असं नाही, साखर उतरलेलाही असतो.

लघवीच्या पट्टीवर विसंबू नका. बाजारात सहज मिळणाऱ्या पट्ट्या एनबोम पकडत नाहीत आणि एलएसडीची तपासणीही बहुतेकांत नसते. ‘निगेटिव्ह’ आलं याचा अर्थ काहीच होत नाही.

मित्रांचं म्हणाल तर त्यांना एकेकटं गाठा. घोळक्यात कुणी बोलत नाही. ‘काय घेतलं?’ असं विचारू नका, ‘काय म्हणून दिलं होतं? किती वाजता? चव कशी होती? नाकात ओढलं का? वर दारू होती का, गोळी होती का?’ असं विचारा. एनबोमची पूड किंवा द्रव नाकातून घेतल्यावर दगावल्याच्या नोंदी आहेत, म्हणून तो प्रश्न गाळू नका. पोलिसांची भीती त्यांच्या डोळ्यांत दिसतेच. ‘नोंदी व्हायच्या त्या होतील, पण तुम्ही खरं सांगितलंत तर हा जगेल’ हे मी त्यांच्या तोंडावर सांगते, आणि ते खरंच असतं.

दोन तासांत निवळला म्हणून रात्री सोडून देऊ नका. एलएसडीचा रेणू रिसेप्टरच्या खाचेत बसला की रिसेप्टरचाच एक भाग त्यावर झाकणासारखा पडतो, हे २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याची रचना उलगडून दाखवलं. त्यामुळे तो लवकर सुटत नाही. पेशंट मध्येच शुद्धीवर आल्यासारखा बोलतो, पाणी मागतो, आणि तासाभराने पुन्हा दाराकडे धावतो. किनाऱ्यालगतच्या दवाखान्यात तर दाराला कडी हवीच.

प्रश्न : एक कागद स्वतःपुरता जवळ असेल तर पोलिस सोडतात, असं मित्र म्हणतो. खरं का? – विद्यार्थी, नाशिक

उत्तर : मी वकील नाही, पण हा हिशेब पालकांना समजावून सांगता सांगता मला पाठ झालाय. एनडीपीएस या अंमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यात एलएसडीची ‘अल्प’ मात्रा ०.००२ ग्रॅम, म्हणजे २ मिलिग्रॅम. ‘व्यापारी’ मात्रा ०.१ ग्रॅमच्या पुढे. एका कागदावर नशेचा पदार्थ मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, त्यामुळे तुझ्या मित्राला वाटतं आपण कुठल्या कुठे आहोत. पण २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात मिश्रणाचं सगळं वजन धरायचं म्हटलं, आणि २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने एलएसडीच्या बाबतीत टिपकागदाचं वजनही त्यात धरलं. कागदाचा एक चौकोन १० मिलिग्रॅमचा धर. म्हणजे एकच तुकडा अल्प मात्रेच्या पलीकडे गेला, तिथे शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. अकराबारा तुकडे, मग ते मित्रांसाठी म्हणून का आणलेले असेनात, व्यापारी मात्रेत. तिथे कमीत कमी दहा वर्षं, वीसपर्यंत, एक ते दोन लाख दंड, आणि जामीन अतिशय कठीण. उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन माणसाला कलम ६४अची सवलत आहे, पण ती सेवनाच्या आणि अल्प मात्रेच्या गुन्ह्यांपुरती. ग्रुपमध्ये सगळ्यांचे पैसे गोळा करून ‘आणायला’ जो जातो तो सगळ्यांत भोळा असतो, हे मी पाहिलंय. मित्राला सांग.

प्रश्न : डॉक्टर, मी २४ वर्षांचा आहे, ठाण्यात राहतो. गोव्यात एका पार्टीत पहिल्यांदाच एक कागद घेतला होता. रात्र वाईट गेली पण सकाळी बरा होतो. तेव्हापासून काही महिने झाले, पांढऱ्या भिंतीकडे बघितलं की बारीक कण वळवळताना दिसतात. हात हलवला की मागे त्याच्या सावल्या राहतात. रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. चष्म्याचा नंबर बदलून झाला. घरी सांगितलेलं नाही. मला वेड लागतंय का?

उत्तर : तुला अरे-तुरे केलं तर चालेल ना, माझा धाकटा तुझ्याहून मोठा आहे. तू लिहिलंस ते ओळखीचं आहे. नशा उतरल्यावरही डोळ्यांपुढचे हे खेळ चालू राहण्याचा एक विकार आहे, एचपीपीडी म्हणतात, मानसोपचाराच्या अधिकृत यादीत त्याची स्वतंत्र नोंद आहे. एकदाच घेतलेल्यालाही होऊ शकतो. वेड लागण्यात आणि यात मोठा फरक हा की हे खरं नाही हे तुला कळतंय. वळवळणारे कण खरेच आहेत आणि कुणीतरी ते आपल्यावर सोडलेत, असं तुला वाटत नाहीये.

तरी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घे, नुसता नंबर नव्हे. अर्धशिशी आणि फिट या दोन्हींत असं दिसू शकतं, तेही एकदा बघितलं जायला हवं. मग मनोविकारतज्ज्ञ. हमखास औषध आजतरी नाही. क्लोनाझेपाम, लॅमोट्रिजिन अशी औषधं काहींना उपयोगी पडतात, आणि रिस्पेरिडोनसारख्या औषधाने काहींचं उलट वाढल्याच्या नोंदी आहेत. म्हणून दुकानातून आणून स्वतःवर प्रयोग करू नकोस, आणि डॉक्टरांना कागदाचं खरं सांग. नाहीतर भास म्हटल्यावर ते नेमकं तेच औषध लिहायचे.

गांजा पूर्ण बंद. ‘तो तर हलका’ म्हणून चालू ठेवणाऱ्यांचं हे लांबतं. झोप पुरी कर. आणि भिंत तपासणं सोड. माझ्याकडे एक मुलगा यायचा, तो दर सकाळी उठल्याबरोबर पांढऱ्या भिंतीसमोर उभा राहून ‘आज किती आहेत’ ते बघायचा. शेवटी आईने खोली पोपटी रंगवून घेतली. मी हसले होते, पण त्याचा फायदा झाला. तपासणं थांबलं की भीती ओसरते, आणि भीती ओसरली की बऱ्याच जणांना ते कण असूनही जाणवेनासे होतात. पुष्कळांचं काही महिन्यांत कमी होतं, काहींचं रेंगाळतं. रात्री बाइक चालवणं सध्या नको, दिव्यांची कडी आणि घोडबंदर रोड यांची सांगड घालू नकोस.

मात्र आवाज ऐकू यायला लागले, लोक आपल्याबद्दलच बोलतात असं वाटायला लागलं, झोप नसूनही दिवसचे दिवस जोर वाटू लागला, किंवा मरण्याचे विचार आले, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस. त्याच दिवशी दाखव, आणि त्या वेळी घरचं कुणीतरी बरोबर ने.

प्रश्न : मी अमेरिकेत सनीव्हेलला सॉफ्टवेअरमध्ये आहे. टीममधले काही जण आठवड्यातून दोनदा एलएसडीचं मायक्रोडोसिंग करतात, म्हणजे नशा चढणार नाही इतकी बारीक मात्रा घेतात. लक्ष लागतं, मूड राहतो म्हणतात. मी एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी घेते. मावशीला बायपोलर आहे. थेरपीत एलएसडी येतंय असंही वाचलं. मी करून पाहावं का?

उत्तर : नाही. मावशीवरच माझं उत्तर संपतं, पण तुम्ही अभ्यास करून लिहिलंय म्हणून थोडं पुढे.

२०२१ साली लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजच्या संशोधकांनी १९१ जणांना स्वतःच्याच पुड्या अशा पद्धतीने भरायला लावल्या की खरी कुठली आणि रिकामी कुठली हे त्यांनाही कळू नये. मूड सुधारला. खऱ्या पुड्यांवाल्यांचाही आणि रिकाम्यांवाल्यांचाही, जवळजवळ सारखाच. तुमच्या टीमला बरं वाटतंय हे खोटं नाही, ते एलएसडीमुळेच वाटतंय का हा प्रश्न आहे. दुसरं, एलएसडी सेरोटोनिनच्या २बी रिसेप्टरलाही चिकटतं, आणि तो हृदयाच्या झडपांवर असतो. त्याच रिसेप्टरला सतत डिवचणारं फेनफ्लुरामिन हे वजनाचं औषध झडपा जाड होतात म्हणून १९९७ साली अमेरिकेच्या बाजारातून काढावं लागलं. वर्षानुवर्षं आठवड्यातून दोनदा घेणाऱ्यांच्या झडपांचं काय होईल, याची खातरजमा तुमच्या टीमने केलेली नाही. एस्सिटालोप्राममुळे परिणाम बोथट होतो, मग लोक मात्रा वाढवतात किंवा गोळी परस्पर बंद करतात. दुसरं जास्त धोक्याचं. आणि बायपोलरसाठी लिथियम घेणाऱ्या कुणी तर या वाटेला जाऊच नये, दोन्ही एकत्र घेतल्यावर झटके आल्याच्या बऱ्याच नोंदी आहेत.

थेरपीचं तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मार्च २०२४मध्ये चिंताविकारासाठी एलएसडीच्या एका औषधी रूपाला जलद तपासणीचा दर्जा दिला. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून परवानाधारक मनोविकारतज्ज्ञ औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात सिलोसायबिन हा मशरूममधला भास दाखवणारा पदार्थ देऊ शकतात. पण या चाचण्यांत घरात मावशी असलेल्यांना बहुधा दारातूनच परत पाठवतात. आत घेतलेल्यांनाही मोजलेली, तपासलेली मात्रा मिळते आणि दिवसभर शेजारी प्रशिक्षित माणूस बसलेला असतो. ऑफिसच्या ड्रॉवरमधल्या बाटलीशी याचा संबंध नाही.

प्रश्न : एलएसडी धान्यावरच्या बुरशीपासून करतात असं मुलाने मोबाइलवर वाचून दाखवलं. आमच्या बाजरीवर पावसाळ्यात अरगट पडतो. तो पोटात गेला तर नशा चढते का? – शेतकरी, बीड जिल्हा

उत्तर : नशा नाही चढत काका, ओकाऱ्या होतात. मळमळ, चक्कर, गुंगी. मुलाने वाचलं ते राय नावाच्या युरोपातल्या धान्यावरच्या अरगटाबद्दल. त्यातल्या आम्लावर प्रयोगशाळेत प्रक्रिया करून एलएसडी बनतं, ते कणसात तयार सापडत नाही. त्याच घराण्यातलं एक औषध, मेथर्जिन, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला आपल्या प्रत्येक प्रसूतिगृहात असतं, आणि तेही सांडोझच्याच प्रयोगशाळेतलं. तुमच्या बाजरीवरची बुरशी त्याच कुळातली पण निराळी, तिची विषंही निराळी. पूर्वी अरगट मिसळलेली बाजरी खाऊन गावंच्या गावं आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. काळपट दाणे दिसले तर ती बाजरी दळायला देऊ नका, गुरांनाही घालू नका. बियाण्यासाठी कृषी विभाग सांगतो तेच करा : १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बी सोडा, अरगट आणि पोचट दाणे वर तरंगतील ते काढून जाळा, तळाचं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा आणि मग पेरा.